सात जणांचं एकच चुकीचं उत्तर

एक

चूक करायची तर माणसाने आपापली करावी. सात जणांनी मिळून एकच चूक केली की तिला कोणी चूक म्हणत नाही, चोरी म्हणतात.

ठाण्याहून आलेल्या लिफाफ्यात हेच लिहिलं होतं, फक्त कार्यालयीन भाषेत. जव्हारच्या आपल्या घराच्या ओसरीवर बसून कुसुमावतीबाईंनी ते पत्र दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा वाचण्याआधी चष्मा पदराने पुसून घेतला. छत्तीस वर्षं गणित शिकवून बाई निवृत्त झाल्या होत्या. गावातली मिशा पांढऱ्या झालेली माणसंसुद्धा बाई समोरून आल्या की विडी मागे लपवत.

साल २००५, एप्रिल महिना. अकरावीची गणित प्रावीण्य परीक्षा होऊन दहा दिवस झाले होते. जिल्ह्यातून चारशेवर मुलं बसली होती आणि जव्हारच्या केंद्राच्या प्रमुख होत्या स्वतः बाई. नववा प्रश्न असा होता: आठ शेतकऱ्यांचं भाताचं पीक क्विंटलमध्ये ८, ८, १०, १२, १२, १४, १६, १६. प्रमाण विचलन काढा.

बरोबर उत्तर तीन. पण गावाबाहेरच्या श्रमसाधना कनिष्ठ महाविद्यालयाच्या सातही मुलांनी लिहिलं होतं ३.२१. उरलेल्या चारशेंत हे उत्तर एकाचंही नव्हतं. म्हणून पत्रात शब्द होता, ‘सामूहिक नक्कल’. सातही जणांचा निकाल रद्द होणार होता. आणि त्या सातांतली कमू, मोखाड्याकडच्या एका पाड्यावरची पोर, नवव्या प्रश्नाला शून्य धरूनही जिल्ह्यात पहिली आली होती. पुण्याच्या महिनाभराच्या गणित शिबिरातली तिची जागा आता दुसऱ्याला जायची होती. मुख्य परीक्षक मुजुमदार शनिवारी येऊन सही करणार होते. त्याआधी केंद्रप्रमुखांनी आपलं म्हणणं कळवावं, असा निरोप होता.

खाली मुजुमदारांनी शाईने एक ओळ जोडलेली होती. ‘त्या भागातील विद्यार्थ्यांकडून एवढ्या गुणांची अपेक्षाही नव्हती.’

“नव्हती का? बरं!” बाई मोठ्याने म्हणाल्या. अंगणातली कोंबडी दचकली.

त्यांनी लिफाफा उलटा केला आणि पेन्सिल काढली. प्रमाण विचलन म्हणजे काही मोठी जादू नाही. आकडे सरासरीच्या आजूबाजूला किती पांगलेत ते सांगणारा तो आकडा. सरासरी काढायची, प्रत्येकाचा फरक काढायचा, त्याचा वर्ग करायचा, वर्गांची बेरीज घ्यायची, जितके आकडे तितक्यांनी भागायचं आणि वर्गमूळ घ्यायचं. इथे सरासरी बारा, वर्गांची बेरीज बहात्तर. बहात्तर भागिले आठ, नऊ. वर्गमूळ तीन. प्रश्न काढणाऱ्याने पोरांवर दयाच केली होती.

मग ३.२१ आलं कुठून? बाईंनी पेन्सिल उलटीकडून चालवली. ३.२१चा वर्ग दहाच्या थोडा पुढे. बहात्तरला कशाने भागलं की दहाच्या थोडं पुढे येतं?

साताने.

बाईंची पेन्सिल थांबली. आठ शेतकरी समोर उभे असताना सातही पोरांनी सातानेच भागलं होतं. एक शेतकरी सगळ्यांनी मिळून गायब केला होता. का?

दोन

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई छत्री घेऊन महाविद्यालयाच्या कार्यालयात हजर झाल्या. पत्राबरोबर आलेल्या सात उत्तरपत्रिकांच्या प्रती त्यांनी टेबलावर पत्ते मांडावेत तशा मांडल्या.

कमूने फरक काढून वर्ग केले होते. मंगळूने मूळ आकड्यांचेच वर्ग करून बेरीज घेतली होती. सरूने दहा ही सरासरी गृहीत धरून सुरुवात केली होती. येसूने दोनदा खाडाखोड केली होती, आणि सोम्याने तर सगळं कोष्टक आडवं मांडलं होतं. बाकीच्या दोघांच्याही तऱ्हा निराळ्या. नक्कल करणारा वाटसुद्धा चोरतो. इथे वाटा सात होत्या, फक्त मुक्काम एकच होता. एकमेकांचं बघून लिहिलेलं नव्हतं, हे बाईंनी तिथेच मनाशी पक्कं केलं.

पण प्रश्न आधी फुटला असला तर? कोणी तरी उत्तर काढून दिलं, तेही चुकीचं, आणि पोरांनी आपापल्या परीने तिथवर वाट काढली, असं झालं असेल तर?

प्रश्नपत्रिकांचं पाकीट तीन दिवस याच कार्यालयातल्या कपाटात होतं. चावी शिपाई गौतमकडे.

“गौतम, परीक्षेच्या आदल्या रात्री तू कुठे होतास?”

“हितंच बाई. हापिसात. कपाटासमोर अंथरूण टाकून.”

“बघ हं. नीट आठव.”

“देवाशपथ बाई!”

“देवाला कशाला मध्ये घेतोस? त्या रात्री तुमच्या गावात बोहाडा होता, रात्रभर मुखवट्यांची सोंगं नाचली. मी पाहुणी होते, पुढच्या चटईवर बसले होते. रावणाचं सोंग जो नाचवत होता तो डावा पाय जरा ओढून टाकत होता. मुखवटा तोंडाला असतो रे, पायाला नसतो.”

गौतमचा चेहरा उतरला. त्याने आपल्याच डाव्या पायाकडे बघितलं.

“बाई, वाडवडलांपासून रावण आमच्याच घरात हाय. मी नाय नाचवला तर सोंग बंद पडतं. रजा मागितली तर मिळाली नाय. नोकरी जाईल म्हणून…”

“ते तुझं तू आणि प्राचार्य बघा. मला चावी कुठे होती ते सांग.”

“माझ्या कमरेला. रावणाच्या पोशाखाच्या आत, करगोट्याला बांधून. पहाटंपतुर नाचलो, तवा ती टोचत व्हती. हा बघा वळ अजून हाय.”

“नको, नको, वळ दाखवू नकोस,” बाई घाईने म्हणाल्या. हसू मात्र त्यांना आवरेना. चावी शेकडो माणसांसमोर रावणाच्या कमरेला नाचत होती, आणि पाकिटाची लाख परीक्षेच्या सकाळी बाईंनी स्वतःच्या हाताने फोडली होती. तेव्हा ती शाबूत होती. प्रश्न फुटला नव्हता.

नक्कल नाही, पेपरफूट नाही. म्हणजे ही चूक कोणी तरी शिकवली होती. आणि इथे गणित शिकवणारा माणूस एकच होता.

तीन

हेमंत सर तिशीचे, सडपातळ, बोलताना सारखा खडू चुरगळणारे. बाईंनी त्यांची वही मागितली. वहीत प्रमाण विचलनाचं पान स्वच्छ अक्षरात होतं: आकडे जितके तितक्यांनी भागा. चूक कुठेच नव्हती.

“मग तुमच्या पोरांनी एकाने कमी का भागलं?”

“बाई, मला खरंच माहीत नाही. जानेवारीत हा धडा शिकवला आणि लगेच नाशिकला गेलो. मिसेसचं बाळंतपण अवघड होतं. अडीच महिने मी इथे नव्हतो. पोरांनी आपली आपणच तयारी केली.”

“आपली आपण?”

“हो. संध्याकाळी वसतिगृहाच्या पडवीत बसायची. त्यांना मी काही दिलेलं नाही.”

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. “काही दिलं का, असं मी विचारलंच नाही, सर.”

हेमंत सरांच्या हातातला खडू मोडला. त्यांनी टेबलाचा खण पायाने हळूच आत ढकलला.

“पोरांचं नुकसान होईल बाई. जास्त विचारू नका,” एवढं बोलून ते उठले आणि खणाला कुलूप लावून वर्गावर गेले. त्या वेळी वर्ग नव्हताच, सुट्टी होती.

चार

वसतिगृहाच्या पडवीत कमूचा बाप जिवा उकिडवा बसला होता. शेजारी कमूची पेटी बांधून ठेवलेली.

“रामराम बाई. पोरीला न्यायला आलो.”

“निकाल लागायच्या आधीच?”

“निकाल काय लागायचा? एसटीत लोक बोलत व्हते, पाड्यावरच्या पोरांनी चोरी करून नंबर काढला. आमच्या घरात कोनी दुसऱ्याच्या शेतातली काडी उचलली नाय आजवर. शिकून चोर म्हनवून घ्यायचं आसंल तर नको ते शिकनं.”

कमू खांबाला टेकून उभी होती. डोळे रडून सुजलेले, पण मान ताठ. बाईंना ती मान आवडली.

“कमू, मी एकदाच विचारते. नववा प्रश्न कसा सोडवलास?”

“माझा मीच सोडवला. आनि बाई, उत्तर बरोबर हाय. पुस्तकच चुकलंय.”

जिवाने कपाळावर हात मारला. बाई मात्र पुढे सरकल्या. छत्तीस वर्षांत ‘माझं चुकलं’ म्हणणारी पोरं त्यांनी हजार बघितली होती. पुस्तक चुकलं म्हणणारी ही पहिलीच.

“पुस्तक चुकलं हे तुला कोणी सांगितलं?”

“त्या मश…” कमूने जीभ चावली. तिची नजर सरांच्या खोलीकडे गेली आणि परत आली.

बाईंनी जोर केला नाही. “बरं, राहू दे. पाच, सात, नऊ. यांचं काढ बघू तोंडी.”

कमूने डोळे मिटले. आणि तिचा उजवा हात पडवीच्या कठड्यावर चालू लागला. बोटं एकदा वर, एकदा बाजूला, मग खाली कोपऱ्यात, पुन्हा वर. प्रत्येक वेळी कोपरा तोच. “दोन,” ती म्हणाली.

पुस्तकाप्रमाणे दोन येत नव्हतं. तीन आकड्यांना दोनाने भागलं तरच ते येत होतं. पण बाईंचं लक्ष त्या बोटांवर होतं.

“पोरी, तू कठड्यावर पेटी वाजवतेस की काय? हात दाखव. आणि तुझ्या दप्तरात काय आहे तेही दाखव.”

कमूने बापाकडे बघितलं, मग दप्तरात हात घातला आणि एक पुठ्ठा बाहेर काढला. बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा. त्यावर निळ्या पेनने ओळीत चौकोन काढलेले, पन्नासच्या घरात. चौकोनांत आकडे, बाण, इंग्रजी अक्षरं. वापरून वापरून मधले चौकोन पुसट झालेले.

“असे सात हायत,” कमू पुटपुटली. “खरं एकच हाय ना, म्हनून.”

पाच

खरं एकच होतं आणि ते हेमंत सरांच्या कुलूपबंद खणात रुमालात गुंडाळलेलं होतं. आलेख काढणारा कॅल्क्युलेटर, हाताच्या पंज्याहून मोठा, काळा.

“माझा मेहुणा अमेरिकेत शिकत होता. त्याने जुना झाला म्हणून मला दिला,” सर म्हणाले. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. “नाशिकला जाताना मी तो पोरांकडे ठेवला. हाताने सोडवा आणि उत्तर यावर पडताळून बघा, म्हटलं. परीक्षेत कॅल्क्युलेटरला बंदी. हे यंत्र पोरांकडे होतं असं कळलं असतं तर म्हणाले असते, खिशात लपवून नेलं. म्हणून गप्प बसलो.”

“एवढं धूड कुठल्या खिशात मावतं? तुमच्या गप्प बसण्यानेच पोरं अडकली, सर.”

सरांनी यंत्र बाईंपुढे सरकवलं.

बाईंनी यंत्र हातात घेतलं. असलं काही त्यांनी आयुष्यात वापरलं नव्हतं, पण कमू शेजारी उभी राहिली आणि सांगू लागली. ही कळ संख्याशास्त्राची. ही पहिली यादी, हिच्यात आकडे भरायचे, एकाखाली एक. आता परत तीच कळ, मग ही, आणि मग कोपऱ्यातली. पोरीचा आवाज आता रडका नव्हता. ती शिकवत होती आणि तिला ते शोभत होतं.

बाईंनी आठ शेतकऱ्यांचं भात भरलं. पडद्यावर ओळी उमटल्या. सरासरी १२. बेरीज ९६. मूळ आकड्यांच्या वर्गांची बेरीज १२२४. चौथी ओळ, इंग्रजी एस आणि त्यापुढे ३.२०७.

“बघा! तीन पॉइंट दोन एक,” कमू म्हणाली.

त्याखाली पडद्याची पट्टी काळी पडली होती.

“हे काय झालंय?”

“आमच्याकडं आलं तवापासून तसंच हाय. खाली काय दिसत नाय.”

“पावसात भिजला होता एकदा,” सर म्हणाले.

बाई त्या काळ्या पट्टीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी कळफलकावरचा खालचा बाण शोधला आणि दाबला. एकदा. दोनदा. ओळी वर सरकल्या, आणि काळ्या पट्टीतून एक ओळ उजेडात आली.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग यंत्र रुमालात गुंडाळून पिशवीत टाकलं.

“जिवाभाऊ, पोरीची पेटी सोडा. शनिवारपर्यंत ती कुठेही जात नाही.”

सहा

शनिवारी मुजुमदार आले. पांढरा सदरा, हातात निर्णयाचा कागद टाइप केलेलाच. सभागृहात सात मुलं, हेमंत सर, गौतम, आणि मागच्या बाकावर जिवा.

“बाई, आपलं म्हणणं थोडक्यात सांगा. मला परत जायचंय.”

“थोडक्यातच सांगते. हा लिफाफा खिशात ठेवा, फोडू नका. आणि मनाला येतील ते पाच आकडे द्या.”

मुजुमदारांनी कपाळाला आठी घातली, पण आकडे दिले: ४, ६, ८, १०, १२. बाईंनी सात मुलांना सात ठिकाणी पाठवलं. एक पडवीत, एक विहिरीजवळ, एक ध्वजाच्या कट्ट्यावर, एक थेट प्राचार्यांच्या खुर्चीत. मंगळूला ती खुर्ची मिळाली, तो लाजून अर्धाच टेकला. प्रत्येकावर राखणीला महाविद्यालयाच्या कर्मचाऱ्यांतला एकेक माणूस. दहा मिनिटांनी सात कागद परत आले.

सातांवर एकच उत्तर. ३.१६.

“पुन्हा चूक!” मुजुमदार म्हणाले. “दोन पॉइंट त्र्याऐंशी यायला हवं.”

“आता लिफाफा फोडा.”

आतल्या चिठ्ठीवर बाईंचं ठसठशीत अक्षर होतं: ‘पाच आकडे द्याल तर ही मुलं चाराने भागतील. सहा द्याल तर पाचाने.’

मुजुमदारांनी चिठ्ठी दोनदा वाचली. बाईंनी पिशवीतून यंत्र काढून त्यांच्यापुढे ठेवलं.

“आपण शितावरून भाताची परीक्षा करतो की नाही? सगळं भात मोजलं असेल, तर जितके आकडे तितक्यांनी भागायचं. पण चार शितं चाचपून अख्ख्या पातेल्याचा अंदाज बांधायचा असेल, तर एकाने कमी. संख्याशास्त्रात दोन्ही रीती बरोबर आहेत, जागा वेगवेगळ्या. अकरावीच्या पुस्तकात पहिली आहे. हे यंत्र दोन्ही उत्तरं देतं, एकाखाली एक. वरचं शिताचं, खालचं पातेल्याचं. खालची ओळ या मेलेल्या पट्टीत लपली होती. बाण दाबा म्हणजे वर येईल.”

मुजुमदारांनी बाण दाबला. यंत्रात अजून आठ शेतकरीच होते. पडद्यावर ३ आलं.

“म्हणजे यांनी यंत्रावरून पाठ केलं?”

“यंत्र उत्तर सांगतं, रीत सांगत नाही. परीक्षेत यांच्याजवळ कागद आणि पेनच होतं. रीत कुठून आली ते तिलाच विचारा.”

कमू उभी राहिली. “सर, हाताचं उत्तर मशीनशी जुळं नाय. आमाला वाटलं, आमीच चुकतोय. तीन दिवस तेच केलं. मग मी उलटं मोजलं. दहा आकडं घातलं तवा नवाने भागलं की जुळतं. वीस घातलं तवा एकोनिसाने. मंगळूने तीस घातलं, एकोनतिसाने जुळलं. म्हनजे दरवेळी एक कमी. मग आमी म्हटलं, पुस्तकात छापताना ते ऱ्हायलं आसंल.”

“हे कोणी सांगितलं तुम्हाला?”

“कोनी नाय. कोन व्हतं हितं सांगायला?”

मुजुमदारांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“मी एम.एस्सी.ला असताना हे सूत्र मला फळ्यावर लिहून दिलं होतं,” ते सावकाश म्हणाले. “ते असं शोधून काढता येतं हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही.”

“आणि त्या भागातील विद्यार्थ्यांकडून तुमची अपेक्षाही नव्हती,” बाई म्हणाल्या. त्यांनी हे बोलायचं नाही असं सकाळीच ठरवलं होतं. पण जीभ कुणाच्या बापाची!

मुजुमदारांचा चेहरा लाल झाला. “ते वाक्य मी मागे घेतो. नवव्या प्रश्नाचे गुण सातही जणांना द्यावेत अशी शिफारस करतो.”

“नको सर,” कमू म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडे वळून बघितलं. “प्रश्नात आठच शेतकरी व्हते आनि आठांचंच इचारलं व्हतं. आमचं चुकलं. ते मार्क कापाच. फक्त चोरी लिवलंय ते काढा.”

बाकीच्या सहांनी माना हलवल्या. येसूने जरा उशिरा हलवली, त्याला त्या गुणांची गरज होती.

मुजुमदारांनी टाइप केलेला कागद फाडला. कोऱ्या कागदावर त्यांनी लिहिलं आणि सही केली. जिवा मागच्या बाकावरून उठून पुढे आला. “सायेब, मला वाचता येत नाय. मोठ्याने वाचा.”

मुजुमदारांनी उभं राहून वाचलं. “नवव्या प्रश्नाचं उत्तर चूक. काम प्रत्येकाचं स्वतःचं. कुमारी कमू जिवा जिल्ह्यात प्रथम. पुण्याच्या शिबिरातली जागा तिचीच.”

“आजून एकदा,” जिवा म्हणाला.

त्यांनी परत वाचलं. जिवाने डोक्यावरची टोपी काढली, झटकली आणि पुन्हा सरळ घातली. कुसुमावतीबाईंचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत. छत्तीस वर्षांत त्यांचे किती तरी विद्यार्थी पहिले आले होते. असा अभिमान त्यांना कोणाचाही वाटला नव्हता, आणि ही तर त्यांच्या वर्गात कधी बसलीही नव्हती.

मुजुमदार निघाले तेव्हा कमू दारात आडवी उभी होती.

“सर, एक इचारू? एकच कमी का? दोन का नाय?”

मुजुमदारांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी हेमंत सरांकडे बघितलं. सर खडू शोधू लागले.

“मला नाही माहीत, पोरी,” बाई म्हणाल्या, आणि हे वाक्य त्यांनी इतक्या दिमाखात म्हटलं की गौतमही हसला. “तुझं शिबिर एक तारखेला आहे ना? तू शिकून ये आणि मला शिकव. मी पहिल्या बाकावर बसते.”